मठाराच्या खुणा आणि वाचायची पुस्तके

वाचकाचे पत्र : 'आमचे घर पुण्याच्या तांबट आळीतले. वडील आणि काका आजही हाताने भांडी घडवतात. बी.कॉम. झाल्यावर मी पाच वर्षे एका कार्यालयात हिशेबाचे काम केले आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरच्या मालाची विक्री सांभाळू लागले. आता हॉटेलांच्या मागण्या येतात, परगावचे डिझायनर येतात, माल परदेशी पाठवाल का अशी विचारणा होते, आणि दर वेळी मला वाटते की आपल्याला काहीच ठाऊक नाही. म्हणून गेल्या दिवाळीत एका ग्रंथप्रदर्शनातून अकरा पुस्तके आणली. पाच व्यवसायावरची, तीन डिझाइनवरची आणि तीन सांस्कृतिक वारशावरची. त्यांतली दोनच शेवटपर्यंत वाचून झाली. गिऱ्हाईक विचारते की यंत्रावर केलेली तांब्याची बाटली निम्म्या किमतीत मिळते, मग तुमची का घ्यावी; त्याचे उत्तर मला त्या अकरांत सापडले नाही. वडील म्हणतात, पुस्तक वाचून मठार, म्हणजे भांड्यावर हातोड्याचे ठोके मारण्याचे काम, येत नाही. पुस्तकांसाठी मी महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढू शकते. इंग्रजी वाचते, पण सावकाश. या तीन विषयांवरची कोणती पुस्तके घ्यावीत आणि ती कशी निवडावीत, हे कृपया सांगा.'
– एक तांबटकन्या, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. निम्म्या किमतीची बाटली बाजारात असताना तुमची का घ्यावी, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिला आहे आणि पुस्तकांची मागणी मात्र शेवटी ठळकपणे केली आहे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण तुमची पुस्तके याच प्रश्नाने निवडायची आहेत. अकरांपैकी नऊ पुस्तके अर्धवट राहिली याबद्दल स्वतःला बोल लावून घेऊ नका. ती विषयाच्या नावावर घेतली गेली होती, आणि नुसत्या विषयाच्या नावावर घेतलेल्या पुस्तकाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे हेच ठरलेले नसते. त्यामुळे चाळिसाव्या पानावर ते मिटून ठेवले तरी आपले काही अडत नाही.

व्यवसाय, डिझाइन आणि वारसा हे तीन खण पुस्तकविक्रेत्याच्या सोयीसाठी असतात. तुमच्या घरी ते वेगळे निघत नाहीत. मठाराचेच उदाहरण घ्या. तापवून मऊ केलेल्या तांब्यावर हातोड्याचे ठोके एकाशेजारी एक पडत जातात तसतसा पत्रा कठीण होत जातो, भांड्याच्या अंगाला ताठपणा येतो, आणि प्रत्येक ठोक्याने उमटलेली लहानशी चकती उजेडाला आपापल्या कोनातून परतवते म्हणून भांडे चमकते. यंत्रावर दाबून केलेल्या बाटलीवरही खळगे असतात, परंतु ते साच्यातून आलेले असल्यामुळे बाटली हातात फिरवून नीट पाहिली तर तीच रांग पुन्हा पुन्हा दिसते. आता त्या ठोक्यांना लागणारा वेळ मोजणे हा हिशेबाचा भाग झाला, ठोका कुठे हवा आणि कुठे नको हा डिझाइनचा, आणि पेशवाईपासून कसबा पेठेतल्या तुमच्या आळीत हे काम कोणासाठी होत आले व कशाच्या बळावर टिकले हा इतिहासाचा. गिऱ्हाइकाला द्यायचे उत्तर या तिन्हींच्या मिळणीतून तयार होईल. म्हणून महिन्याला एक अशी बारा पुस्तके मी सुचवत नाही. येत्या वर्षासाठी हा एकच प्रश्न समोर ठेवावा आणि त्याला भिडणारे मोजके साहित्य वाचावे, असे माझे सांगणे आहे.

पुस्तक निवडण्याची जी कसोटी मी तुम्हाला सांगणार आहे, ती मला एका वाचकाने शिकवली. मी बत्तीस वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयात काम केले. तिथे भांड्यांचे दुकान असलेले एक वयस्क कासार गृहस्थ नियमाने येत. एकदा धातुकामावरचे, गुळगुळीत कागदावर छापलेले एक मोठे पुस्तक त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत आणले, माझ्या टेबलावर उघडून ठेवले आणि एका छायाचित्राखालच्या ओळीवर बोट टेकवले. छायाचित्रात एका पातेल्याला कल्हई, म्हणजे कथिलाचा लेप, चालली होती. तापलेले पातेले, कापसाचा बोळा आणि नवसागराचा पांढरा धूर त्यात स्पष्ट दिसत होता. खाली मात्र लिहिले होते की कारागीर भांड्याला चांदीचा मुलामा देत आहे. 'बाई, ज्याला कथील ओळखू येत नाही, त्याचे तांब्याबद्दलचे म्हणणे मी कसे मानू?' एवढेच ते म्हणाले. ते पुस्तक मीच आग्रहाने मागवले होते, त्यातल्या छायाचित्रांवर मी भाळले होते, आणि ती ओळ माझ्याही नजरेखालून गेलेली होती.

तेव्हापासून मी ललितेतर पुस्तक हाती घेतले की प्रस्तावनेकडे आधी जात नाही. मला स्वतःला जे पक्के ठाऊक आहे त्यावर लेखकाने काय लिहिले आहे, ते पान प्रथम शोधते. लेखक तिथे काटेकोर असेल, तर मला ठाऊक नसलेल्या गोष्टींबाबतही मी त्याच्यावर थोडा विश्वास टाकते. तुमच्याजवळ तर अशी दोन हुकमी पाने आहेत. वारशाचे किंवा हस्तकलेचे पुस्तक असेल तर कल्हईचे, मठाराचे किंवा भांड्याच्या जोडाचे पान उघडा. व्यवसायाचे असेल तर उधारीचे पान उघडा. हॉटेलची मोठी मागणी पुरी केली, कागदावर नफा दिसला, पण पैसे चार महिन्यांनी आले, तर मधल्या काळात तांब्याचा पत्रा कशाच्या जोरावर आणायचा, हा प्रश्न तुम्ही हिशेबनीस म्हणूनही ओळखता आणि कारखानदाराची मुलगी म्हणूनही. नफा आणि हातातली रोकड यांतला फरक ज्या पुस्तकात कुठेच येत नाही, ते पुस्तक स्फूर्ती देईल, परंतु तुमच्या दुकानाच्या उपयोगाचे नाही. प्रदर्शनाच्या गर्दीतसुद्धा ही तपासणी पाच मिनिटांत होते. पुस्तकाला शेवटी सूची असेल तर आणखी लवकर होते, आणि ललितेतर पुस्तकाला सूचीच नसणे ही मी उणी बाजू धरते.

आता डिझाइनकडे येते, कारण तुम्हाला सर्वांत आधी वाचायला सांगावेसे वाटते ते साहित्य त्या खणातले आहे, आणि ते रूढ अर्थाने पुस्तकही नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर प्रवास केला आणि एप्रिल १९५८ मध्ये एक अहवाल दिला. 'द इंडिया रिपोर्ट' या नावाने तो ओळखला जातो, आणि त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवाल अगदी लहान आहे, सावकाश इंग्रजी वाचणाऱ्यालाही दोन संध्याकाळी पुरतील एवढाच, आणि महाजालावर तो विनामूल्य मिळतो. तुमच्यासाठी त्याचे महत्त्व असे की भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्या दोघांनी सर्वांत सुंदर म्हणून निवडली ती वस्तू म्हणजे लोटा, आपला रोजचा तांब्या. तो कोणा एका माणसाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या हातांनी त्याला आकार दिला, हे सांगून ते विचारतात की आज कोणाला नव्याने तांब्या घडवायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल. पाणी किती मावावे. तो उचलणारा हात केवढा, कोणाचा, किती ताकदीचा. डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून. रिकामा असताना आणि भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो. ओतताना धार कशी पडते. आतून घासता येतो का. हाताला गरम लागतो की गार. घडवायला खर्च किती येतो, आणि भांडे निकामी झाल्यावर त्या धातूचे काय मोल राहते.

या शेवटच्या प्रश्नापाशी तुम्ही थांबावे असे मला वाटते. जुने भांडे मोडीत देऊन नवे घेताना आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब झाला आहे, आणि 'मोडीत काढणे' हा शब्दप्रयोगही तिथूनच आला. परदेशी डिझायनराला १९५८ मध्ये जी गोष्ट डिझाइनचा भाग वाटली, ती तुमच्या काकांना वजनकाट्यापाशी केव्हाचीच ठाऊक आहे. परंतु तुमच्या गिऱ्हाइकाला ती कोणी सांगितलेली नाही. स्टीलची किंवा प्लॅस्टिकची बाटली टाकून दिली तर हाती फारसे काही येत नाही, तांब्याच्या बाटलीचे मात्र धातूचे मोल शिल्लक राहते. निम्म्या किमतीच्या प्रश्नाला द्यायच्या उत्तराचा हा एक तुकडा आहे. सगळे उत्तर मात्र हे होणार नाही, कारण यंत्रावरची बाटलीही तांब्याचीच असते. तिथे पत्र्याची जाडी आणि प्रत्यक्ष वजन दाखवावे लागेल. तीच यादी तुमच्या बाटलीला लावून पाहा. बाटलीची मान अरुंद आहे. मग आतून चिंचेने घासायला हात जातो का? जात नसेल तर गिऱ्हाइकाने काय करावे? अहवालाची पाने वाचताना असे प्रश्न वहीत उतरले, तर डिझाइनचे पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे ते तुम्हाला आपोआप कळेल.

त्याच खणातले दुसरे एक नाव सांगते. डॉन नॉर्मन यांचे 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे पुस्तक १९८८ मध्ये थोड्या वेगळ्या नावाने निघाले आणि २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तोटी आणि कान एकाच बाजूला असलेल्या एका किटलीचे चित्र त्याच्या मुखपृष्ठावर आहे. ती उचलून ओतू पाहणाऱ्याचा हात भाजणार हे बघताक्षणी कळते. वस्तू वापरताना माणूस चुकला तर दोष बहुधा वस्तूच्या रचनेत असतो, हे लेखक दारे, बटणे, शेगड्या अशा साध्या उदाहरणांनी समजावतो. घ्यायचे झाल्यास सुधारित आवृत्ती घ्या, कारण जुनीतली पुष्कळ उदाहरणे आता वापरात नसलेल्या उपकरणांची आहेत. डिझाइनच्या नावाखाली निघणाऱ्या चित्रमय पुस्तकांबद्दल मात्र मी सावध करीन. ज्यात प्रत्येक वस्तू पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटी उभी आहे, वापरणारा हात कुठेच दिसत नाही आणि फसलेला एकही नमुना नाही, ते डोळ्यांना सुखावते, पण त्यातून तुम्हाला काम करता येणार नाही.

व्यवसायाच्या पुस्तकांविषयी मला जरा कठोर लिहावे लागेल, कारण तुमचे सर्वाधिक पैसे याच खणात गेले आहेत. यशस्वी कंपन्या निवडायच्या, त्यांच्यातले समान गुण शोधायचे आणि ते गुण म्हणजेच यशाचे कारण असे मांडायचे, या पद्धतीची पुस्तके फार खपतात. जिम कॉलिन्स यांचे २००१ मधले 'गुड टू ग्रेट' हे त्यांतले अत्यंत कष्टपूर्वक केलेले पुस्तक. लेखकाच्या चमूने १,४३५ कंपन्या चाळून त्यांतल्या ११ निवडल्या. पण त्या अकरांपैकी सर्किट सिटी ही कंपनी नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि फॅनी मे ही गृहकर्जांच्या क्षेत्रातली संस्था त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी सरकारला आपल्या ताब्यात घ्यावी लागली. यावरून ते पुस्तक वाचूच नये असे मी म्हणणार नाही. अशा पुस्तकाकडून काय मागावे हे मात्र त्यावरून कळते. तेच गुण अंगी असूनही बुडालेल्या कंपन्या किती होत्या, हे नुसत्या यशस्वी कंपन्यांकडे पाहून समजत नाही. तांबट आळीत आज चालू असलेली घरे मोजून, बंद पडलेली का बंद पडली हे कळत नाही, तसेच ते आहे. म्हणून व्यवसायाचे पुस्तक उघडले की लेखकाने हरलेल्यांना मोजले आहे का ते पाहा, आणि पुस्तक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असेल तर त्यातल्या उदाहरणांचे पुढे काय झाले ते शोधा. शोधायला दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांत पुष्कळदा पुस्तकाहून अधिक शिकायला मिळते.

तुम्हाला प्रत्यक्षात लागणार आहे ते पडतळ, म्हणजे वस्तूचा उत्पादनखर्च, काढण्यावरचे एखादे साधे, रूक्ष पाठ्यपुस्तक. बी.कॉम.ला ते तुमच्या हातून गेलेलेच असणार. ते पुन्हा काढा आणि या वेळी परीक्षेच्या कारखान्याऐवजी आपल्या बाटलीवर वापरा. कापताना पत्र्याचे वजन किती होते आणि तयार बाटलीचे किती भरले, कातरण मोडीत किती परत आले, मठाराला किती तास गेले, झिलईला किती, दहा नगांत किती नग जोडाला फुटले, वेष्टन आणि वाहतूक किती, हे एका महिन्याचे आकडे तुमच्या वहीत आले की घडणावळ अंदाजाने सांगावी लागणार नाही. हे काम कोणत्याही लोकप्रिय पुस्तकाने होणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा कणा हाच आहे.

उद्योजकांच्या चरित्रांपैकी आपल्याच मुलखातले निवडा, कारण तिथला बाजार, तिथले गिऱ्हाईक आणि तिथला हवामानाचा मार आपल्या ओळखीचा असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि माल तयार असूनही तो विकला जात नव्हता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीचे हे न विकले गेलेले नांगर ज्या चरित्रात सविस्तर आले असतील, ते चरित्र घ्या. पहिल्याच प्रकरणापासून सत्कार सुरू होत असतील, तर पुस्तक परत खणात ठेवा.

वारशाच्या पुस्तकांवर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबाबत मी अधिक चिकित्सक आहे. कारागिरीवरच्या पुष्कळ पुस्तकांत 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा' असे शब्द येतात. तुमच्या बाटलीच्या चिठ्ठीवरही एखादा डिझायनर ते लिहू पाहील. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलगाडी हाकणारा माणूस अशा चार ओतीव धातुमूर्ती सापडल्या. त्या अतिशय देखण्या आहेत. परंतु शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरातून न निघता त्या एका झाडाचे मूळ खणताना वर आल्या, त्यामुळे त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, तर धातूच्या पृथक्करणावरून काहींनी त्याबद्दल शंका घेतली. जे पुस्तक हा वाद वाचकापुढे मांडते आणि आपले मत कशाच्या आधारे बनले ते सांगते, ते विश्वासाचे. जे नुसते छायाचित्र छापून अभिमानाची दोन वाक्ये लिहिते, ते चिठ्ठीवरच्या मजकुरासाठीही घेऊ नका. तुमच्या कामाचा मान पेशवाईपासूनचा इतिहास सांगूनही पुरेसा राखला जातो, आणि तो इतिहास तपासता येतो.

तो तपासायला कुठे जायचे? एक दार इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचे आहे. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या दुसऱ्या भागात व्यापाराच्या प्रकरणात पुण्यातल्या तांब्या-पितळेच्या कामाची माहिती येते. राज्य शासनाने हे जुने खंड महाजालावर ठेवले आहेत. वाचताना एवढे ध्यानात असू द्या की हे राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहून घेतलेले आहे. जातींविषयीची त्यातली वाक्ये आज वाचताना टोचतात आणि ती टोचलीच पाहिजेत, पण हत्यारे, माल, मजुरी यांच्या नोंदी म्हणून ते बहुमोल आहे.

दुसरे पुस्तक मराठीतले आहे आणि ते मी तुम्हाला आवर्जून घ्यायला सांगते : त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा'. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी नोकरीत गावोगाव फिरलेल्या या लेखकाने गावातल्या बलुत्या-अलुत्यांचे काम, त्यांचा मोबदला, त्यातली ओढाताण आणि त्यातला अन्याय बारकाईने नोंदवला. ग्रंथालयात ते समाजशास्त्राच्या खणात असते. मी मात्र त्याला व्यवसायाचेही पुस्तक मानते, कारण कारागिराला वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्य मिळत असे तेव्हा एकेका वस्तूची स्वतंत्र किंमत कशी पुसट होत जाई, हे त्यातून समजते. तांबट बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत सहसा नसतो. तो पेठेतला, रोकडीवर आणि वजनावर विकणारा कारागीर. हा फरक डोक्यात ठेवून वाचलेत तर तुमच्या घराण्यात घडणावळ वेगळी सांगण्याची रीत कुठून आली असेल, याचा विचार तुम्ही स्वतःच करू लागाल. आत्र्यांची मते काही ठिकाणी कठोर आणि त्यांच्या काळाने बांधलेली आहेत, आणि भाषाही जुनी आहे. पहिली तीस पाने जड जातील, पण ती नेटाने पार करा.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आता सर्व खंड महाजालावर खुले आहेत. तांबे, कथील अशा नोंदी तिथे वाचायला मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली अनेक पुस्तके विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत आणि छापील पुस्तके ते स्वस्तात विकते. वाचनाच्या बरोबरीने एक दुपार बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवा. तिथले दिवे, अडकित्ते, वज्री आणि घरगुती भांडी तुम्ही कधीतरी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. आता हातोड्याच्या खुणा शोधत पाहा. कुठल्या भांड्यावर मठार आहे, कुठल्यावर नाही आणि का नाही, हे टिपून ठेवलेत तर वारशावरच्या कोणत्याही पुस्तकातले छायाचित्र तुम्हाला निराळे दिसू लागेल.

वारशाच्या आणि व्यवसायाच्या सीमेवर कायदा उभा असतो, आणि त्याबद्दलचे वाचन टाळू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी, मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला त्यांच्या मुळाचा उल्लेख न करता दाखवल्या, आणि इथे टीकेची झोड उठल्यावर ती रचना भारतीय कारागिरीवरून घेतल्याचे मान्य केले. मानांकन म्हणजे काय आणि ते कुठवर पोचते, हे समजून घ्यायला १९९९ चा भौगोलिक उपदर्शनाचा, म्हणजे याच मानांकनाचा, कायदा मुळातूनच वाचा. तुमच्याकडे येणाऱ्या डिझायनरांसाठी २००० चा डिझाइन कायदाही वाचून ठेवा. त्याखाली संरक्षण आधी दहा वर्षांचे आणि पुढे आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारे असते, आणि नोंदणीसाठी रचना नवी असावी लागते. नवा आकार कोणाच्या नावावर नोंदवायचा, हे पहिला नमुना ठोकण्यापूर्वी लेखी ठरवा. करारावर सही करताना मात्र वकिलाचा सल्ला घ्या, त्या ठिकाणी वाचन पुरत नाही.

पैशांविषयी थोडे. महिन्याला पाचशे म्हणजे वर्षाला सहा हजार होतात आणि वर सांगितलेल्यातले अर्ध्याहून अधिक साहित्य फुकट आहे. तेव्हा 'गाव-गाडा' आणि नॉर्मन यांचे पुस्तक विकत घ्या, कारण त्यांवर पेन्सिलने खुणा कराव्या लागतील. बाकीसाठी पुणे नगर वाचन मंदिराची वर्गणी भरा. १८४८ पासून चालत आलेले हे ग्रंथालय तुमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि जी चरित्रे चाळून सोडून द्यायची आहेत ती तिथूनच आणावीत. अनुवादित पुस्तक घेताना अनुवादकाचे नाव छापले आहे का ते बघा आणि मधलेच एखादे पान मोठ्याने वाचा. वाक्याचा अर्थ लावण्यासाठी मनात इंग्रजी शब्द आठवावे लागत असतील, तर सावकाश का होईना, मूळ इंग्रजीच वाचा. तुमच्याकडच्या नऊ अर्धवट पुस्तकांना उधारीचे आणि कल्हईचे पान ही कसोटी लावा; जी उतरणार नाहीत ती निःसंकोच देऊन टाका.

राहिले तुमच्या वडिलांचे म्हणणे. ते खरे आहे. मठार पुस्तकाने येत नाही, आणि माझ्या बत्तीस वर्षांत मी तसा दावा करणारे पुस्तक पाहिलेले नाही. परंतु पुस्तकात मठाराविषयी जे लिहिले आहे ते बरोबर की चूक, हे सांगणारी माणसे पुण्यात थोडी आहेत, आणि त्यांतली दोन तुमच्या घरात आहेत. गॅझेटियरमधला तांब्या-पितळेच्या कामाचा मजकूर शोधलात की एखाद्या संध्याकाळी, काम उरकल्यावर, तो वडिलांना आणि काकांना मराठीत सांगा. जिथे ते तुम्हाला अडवतील, 'असे नसते ते' म्हणतील, तिथे समासात खूण करा आणि त्यांनी सांगितलेला शब्द जसाच्या तसा लिहा. हत्यारांची जी नावे ते वापरतात ती कदाचित कोणत्याच कोशात मिळणार नाहीत. आणि गॅझेटियर हाती येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बाटलीची मान किती रुंद ठेवली तर घासायला हात आत जाईल आणि ओतताना धारही बिघडणार नाही, हा प्रश्न त्यांना आजच विचारता येईल. ते काय म्हणाले ते मला जरूर लिहून कळवा.